नाव न घेतलेलं पाखरू

७८६

पौड,
८ डिसेंबर २०२४

चि. मन्तशा हिला अम्मीचा सलाम आणि भरभरून दुआ.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तू वेळेवर जेवतेस असं फोनवर म्हणतेस, ते मी निम्मं खरं धरते. फिरोजमामांचा गुडघा थंडीने पुन्हा कुरकुरायला लागलाय, बोलणं मात्र काही कमी झालेलं नाही. दुकान बरं चाललंय. लग्नसराई आहे, हिरव्या चुड्याला मागणी आहे. हल्लीच्या नवऱ्या मुलींना चुडासुद्धा शालूला मॅचिंग लागतो. एक जण मला हिरव्यातल्या सात छटा काढायला लावून शेवटी पहिलीच घेऊन गेली.

पाकीट बघून घाबरली असशील. घाबरू नकोस. फोनवर बोलायला हरकत नव्हती, पण मी फोन लावला की फिरोजमामा शेजारी येऊन बसतात, स्पीकर चालू करायला लावतात आणि माझ्या आधी तेच उत्तरं देतात. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, तुला एकटीला. ती शेवटी विचारते. आधी बातम्या.

तर तुझी अम्मी आता जंगलात जाते. हसू नकोस, खरंच जाते. पायात बूट घालून.

पुण्याची एक संस्था मुठ्याच्या वरच्या अंगाला जंगलाची पाहणी करते. महिन्यातून दोन रविवार त्याच त्या वाटेने चालायचं आणि दोन्ही बाजूंना जे दिसेल, ऐकू येईल ते तक्त्यात लिहायचं. कुठली पाखरं होती, कुठलं झाड फुललं, डुकराने कुठे उकरलंय, भेकराच्या लेंड्या पडल्यात का. असं वर्षानुवर्षं लिहीत गेलं की जंगलाची तब्येत कळते. तुम्ही नर्सलोक पेशंटच्या कॉटला तो कागद अडकवता ना, तसंच. स्नेहल नावाची मुलगी हे सगळं बघते. पुण्याहून येणारे स्वयंसेवक पावसात गळतात, परीक्षा आली की पुन्हा गळतात, म्हणून तिला तिथल्याच बायका हव्या होत्या. बायका तिच्याशी बोलायला तयार होईनात. मग तिला कोणीतरी सांगितलं, पौडला मणियारणीकडे जा, ती मुठा खोऱ्यातल्या बायकांना मनगटाच्या मापावरून ओळखते.

ते काही खोटं नाही. तुझे अब्बा होते तेव्हापासून मी त्या वाड्यांवर बांगड्या भरायला जाते. कोणाचा हात मऊ, कोणाचा आडमुठा, कोण बांगडी चढताना माहेरच्या गोष्टी काढून रडते, सगळं मला ठाऊक. स्नेहल दुकानात आली, दोन डझन काचेच्या बांगड्या घेतल्या (अजून एकदाही घातलेल्या नाहीत) आणि जाताना मलाही घेऊन गेली. वाडीत मी नुसतं म्हटलं, "बायांनो, रविवारी रानात फिरायचं आणि घरची भांडी पुरुषांनी घासायची," तर निम्मी वाडी तयार झाली.

गोजराबाई तुला आठवेल. वाघजाईच्या राईखाली राहते. लहानपणी तुला करवंदं द्यायची आणि बदल्यात गालाचा मुका मागायची. आमच्या टोळीत ती बघते आणि मी लिहिते, कारण तिला लिहिता येत नाही आणि मला दिसत नाही. अंगणवाडीतली नलिनी मोबाइलवर फोटो काढते. तिच्या फोटोत बहुतेक वेळा नुसती फांदी येते, कारण पाखरू तोवर उडालेलं असतं. मला आजवर पाखरांत कावळा, चिमणी आणि कोंबडी एवढंच कळत होतं. आता हळद्या कळतो, कोतवाल कळतो, तांबट तर डोळे मिटूनही कळतो.

वाट राईपासून सुरू होते आणि गोजराबाईच्या शेताच्या कडेला संपते. तिथे तारेचं कुंपण आहे, वरून विजेची तार गेलीय, आणि कुंपणाला टेकून तिचा म्हातारा डुकरांवर लक्ष ठेवत बसलेला असतो. गोजराबाई लांबूनच म्हणते, "येडं बसलंय बग तारंला." इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला येडं म्हणायचा हक्क आहे म्हणा तिला. मी हात करते, म्हातारा हात करतो, आणि आमची पाहणी संपते. परवा म्हणाली, "आज तीन येडी हायेत तारंला." बघते तर म्हातारा आणि त्याची दोन कुत्री. मला इतकं हसू आलं की हातातली पेन्सिल खाली पडली. बिचाऱ्याचं खरं नाव काय ते मला अजून ठाऊक नाही. सगळे त्याला आबा म्हणतात आणि ती येडं.

पौडहून मुठ्याला जायला आम्हाला एक गाडी लावून दिली आहे. गाडीवाले घोटावड्याचे. इतर दिवशी कारखान्याच्या कामगारांची ने-आण करतात, रविवारी आमची. त्यांना पाखरांतलं माझ्याहूनही कमी कळतं. कावळा सोडून जे जे उडतं त्याला ते बुलबुल म्हणतात. परवा घारीलाही म्हणाले. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणतात आणि साखर वेगळ्या डबीत आणतात, कारण मी कमी घेते. मी कमी घेते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. माणूस लक्ष देऊन असतो, एवढंच.

आता ती विचारायची गोष्ट.

हे बघ, पान मागूनपुढून भरलं. कागद नाही असं नाही, दुकानात रीमच पडलंय, पण राहू दे आत्ता. मिरजेला यंदा थंडी पडली का? दुसरं स्वेटर घेतलंस का? एवढंच विचारते.

वेळेवर जेव, आणि माझं निम्मं तरी खरं ठरव.

तुझी अम्मी


७८६

पौड,
२ फेब्रुवारी २०२५

चि. मन्तशाला सलाम, दुआ.

तुझं पत्र मिळालं. फिरोजमामांनी पाकीट उजेडात धरून बघितलं, मग "मिरजेची पोरं पत्रं कधीपासून लिवाय लागली" असं म्हणत माझ्या हातात दिलं. तू विचारलंस, अम्मी, तुला खरंच फक्त स्वेटरचं विचारायचं होतं का? नव्हतं. पण थांब जरा. आधी झालेली गंमत ऐक. गंमत आहे आणि चूक निम्मी माझी आहे.

जानेवारीत स्नेहल उतरल्या चेहऱ्याने दुकानात आली. मला वाटलं लग्न मोडलं की काय. तर तिने गेल्या हिवाळ्यातले पुण्याच्या मुलांनी भरलेले तक्ते आणि यंदाचे आमचे शेजारी शेजारी ठेवले. बाकी सगळं जुळत होतं, एक पाखरू सोडून. वेडा राघू. चिमणीएवढा, हिरवागार, शेपटीतून एक काडी बाहेर आलेली. तारेवर बसतो, झेप घेऊन हवेतला किडा धरतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो, म्हणून वेडा. गेल्या वर्षी आमच्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यात तो दरवेळी होता. यंदा एकदाही नाही.

स्नेहल म्हणाली, "कमरमावशी, एक तर नवीन प्लॉटवाल्यांनी औषधं मारून किडे संपवलेत आणि पक्षी गेलेत. नाही तर आपली मोजणी चुकतेय." दोन्हींत वाईट काय ते तिला सांगता येईना. पुण्यातल्या तिच्या वरच्या लोकांनी तर ठरवूनही टाकलं होतं, की मोजणी चुकत असेल तर पुढच्या वर्षापासून ती वाट पुन्हा कॉलेजच्या मुलांना द्यायची. मला ते फार लागलं. बायका आता शनिवारी रात्रीच बूट पुसून ठेवतात. गोजराबाईने म्हाताऱ्याला स्वैपाक शिकवलाय. एकदा दिलेलं काम काढून घेतलं तर त्या परत कोणासाठी दार उघडणार नाहीत, आणि मी कुठल्या तोंडाने बांगड्या भरायला जाणार?

मग वाघजाईच्या देवळात बैठक बसली. बायका सगळ्या आत, गोजराबाईचा म्हातारा पायरीवर, गाडीवाले बाहेर खांबाला टेकून. स्नेहलने मोठ्या मोबाइलवर वेड्या राघूचा फोटो काढून गोजराबाईपुढे धरला.

"आजी, हा पक्षी आता इथे दिसत नाही का हो?"

"दिसतो की. रोज दिसतो."

"मग कमरमावशींना सांगत का नाही तुम्ही?"

"सांगती की. दर टायमाला सांगती. लिवत न्हाई ती."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मन्तशा, वाघजाईच्या पायाखाली जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते. मी म्हटलं, "गोजराबाई, वाघजाईसमोर बोलताय. तुमी ह्या पाखराचं नाव माज्यासमोर एकदा तरी घेतलं का?"

"नाव कशाला घेऊ? म्या म्हनती की, येडं बसलंय तारंला."

"त्ये तर तुमी आबांना म्हनता."

गोजराबाई उभीच राहिली. "आगं बया. मालकाला कोन येडं म्हनंल?"

स्नेहलने समजुतीने विचारलं, "पण आजी, वेडा राघू असं पूर्ण नाव का नाही घेत तुम्ही?" तर गोजराबाईने पदराचा बोळा तोंडाला लावला आणि खाली बसली. आधी नलिनीला हसू फुटलं. मग तिच्या शेजारणीला. पायरीवरून म्हातारा म्हणाला, "ती कशाला घ्येतीया. माजं नाव हाय त्ये. राघू." आणि थोडं थांबून म्हणाला, "निस्तं राघू. येडा त्यो पक्षी."

अगं, देऊळ हलेल इतक्या हसल्या सगळ्या. स्नेहल पुण्याची, तिला आधी काही कळेचना. नलिनीने तिला समजावून सांगितलं, की नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून राघू गळाला, आणि उरलं ते येडं. गोजराबाई इमानदारीने दरवेळी सांगत होती आणि मी इमानदारीने म्हाताऱ्याला हात करत होते. ती तीन येडी म्हणजे कुत्री नव्हती, मन्तशा. वर बघायचं सोडून मी खाली बघत होते.

खरं तर हे माझ्या तोंडात मारण्यासारखं आहे. दुसऱ्या कोणाच्या नाही, पण माझ्या तरी ध्यानात यायला हवं होतं. तुझ्या अब्बांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं? रेशनकार्डाच्या कचेरीत साहेब विचारायचे, "पतीचं नाव?" आणि मी तुला पुढे करायची. तू तेव्हा पाच-सहा वर्षांची. टेबलाला हनुवटी टेकवून अब्बांचं नाव असं ठणकावून सांगायचीस की मागची रांगसुद्धा ऐकायची. साहेब एकदा म्हणाले होते, ही मुलगी वकील होणार. झालीस नर्स, पण आवाज तोच आहे.

पुढे काय करायचं यावर खूप वाद झाला. नलिनी म्हणाली, नुसतं हिरवं म्हणा. गोजराबाई म्हणाली, हिरवं म्हटलं तर पोपटाने काय करायचं. शेवटी बायका अडूनच बसल्या, की एकदा तरी रीतीने नाव घे, म्हातारे, उखाण्यात. उखाण्यात चालतं. बरीच ओढाताण झाल्यावर गोजराबाई पदर सावरून उभी राहिली आणि देवीकडे तोंड करून म्हणाली,

"हिरवं पाखरू तारंवरी, शेपटीला त्याच्या काडी,
राघूरावांचं नाव घेते, येडी त्यांची गोडी."

म्हातारा पायरीवर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. त्या वयातही माणसाचे कान लाल होतात, हे बघून मला उगीचच खूप बरं वाटलं.

स्नेहलने तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. वाट आमच्याकडेच राहिली. आधीच्या तक्त्यांचं काय, तर मी म्हटलं, दरवेळी दोन-तीन लिहून टाकू. ती म्हणाली तसं नाही करायचं, मावशी. मग तिने लाल पेनने जिथे जिथे 'नाही' होतं तिथे 'नोंद झाली नाही' असं लिहिलं. म्हणाली, दिसला नाही आणि लिहिला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या कामात हा फरक फार मोठा. आता गोजराबाई तारेजवळ आली की नुसतं "नाव" म्हणते आणि मी वेडा राघू लिहिते. गेल्या रविवारी म्हणाली, "नाव, नाव, नाव, आन् त्ये बग पल्याड आनिक येक नाव." सगळा थवा परत आला. गेला कुठे नव्हताच.

परतताना गोजराबाईने मला मागे थांबवलं. माझ्या बांगड्या चाचपल्या, जसं मी तिच्या चाचपते. म्हणाली, "आन् तू ग कमरबी? त्या गाडीवाल्याला तू निस्तं गाडीवालं म्हनतीस. बाकी समद्यांची नावं घेतीस." मी म्हटलं, मला नाव ठाऊक नाही. तर म्हणाली, "खोटं नगं बोलू देवीच्या दारात. गाडीवर लिवलंय की. नलिनीनं वाचून दावलं मला."

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही.

काळजी करू नकोस. केलीसच तर थोडी कर.

तुझी अम्मी


७८६

पौड,
९ मार्च २०२५

माझ्या मन्तशाला अम्मीचा सलाम.

रोजे बरे चाललेत. तुझी नाइट ड्यूटी आणि सहरी यांचा मेळ बसतो का? इफ्तारला नुसत्या खजुरावर राहू नकोस. फिरोजमामा दुपारनंतर कोणाशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे.

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पाकीट आणि आत एकच ओळ. "अम्मी, गाडीवर काय लिहिलंय?"

मी ती ओळ दुकानात वाचली, घरी वाचली, आणि मग स्वैपाकघरात जाऊन एकटीच हसले. तू कधी मोठी झालीस ग? डिसेंबरपासून मी तुला पानं भरभरून लिहितेय, पाखरं लिहिली, कुत्री लिहिली, साखरेची डबीसुद्धा लिहिली, आणि तिथली एक जागा रिकामी ठेवली. तू ती बरोबर लाल पेनने धरलीस. दिसलं नाही असं नव्हतं, बाळा. लिहिलं नव्हतं.

तर आता लिहिते. रोजा आहे, खोटं बोलायचं नाही.

गाडीवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आहे, रईस, त्याचं लग्न झालंय. दोन वर्षांपूर्वी मी घोटावड्याला बांगड्या भरायला गेले होते ती त्याच्याच लग्नात, आणि तेव्हा मी चहात साखर कमी घाला म्हणाले होते, कोणा बाईला. ते त्यांनी लक्षात ठेवलं. मला हे आत्ता फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या पाहणीला आम्ही वाट संपवून शेताच्या कडेला आलो. गोजराबाई आणि नलिनी मागे एका घरट्यापाशी रेंगाळल्या होत्या. मुद्दाम रेंगाळल्या होत्या, हे मला नंतर समजलं. राघूआबा कुंपणाजवळ, आणि त्यांच्या शेजारी हे. मला बघून त्यांनी विजेच्या तारेकडे बोट केलं आणि कोणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाले, "वेडा राघू."

मी वर बघितलं. वेडा राघूच होता.

"शेपटीला काडी हाय. उडला आन् परत तितंच बसला. बुलबुल न्हाई त्यो."

मी म्हटलं, "बरोबर हाय."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मी मनाशी ठरवलं हुतं. एक तरी पाखरू बरोबर वळखल्याबिगर तुमाला काय विचारायचं न्हाई. लई दिस लागले. गाडीत पाखरांचे आवाज लावून ठेवतोय, कामगार वैतागल्यात पार. आता एक आलंय बरोबर. विचारू का?"

राघूआबा उठले, कुत्र्यांना घेतलं आणि आपल्याला काही ऐकू येत नाही अशा थाटात शेतात निघून गेले.

त्यांनी विचारलं. काय विचारलं ते तुला कळलंच असेल. मी काय म्हणाले? मी म्हणाले, आधी तक्ता भरून होऊ द्या. मग तक्ता भरला. वेळ लिहिली, ढग लिहिले, वेडा राघू लिहिला, आणि लिहायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, माझ्या मुलीला विचारावं लागेल. ते म्हणाले, "विचारायलाच पायजे. तिच्याबिगर कसं."

मन्तशा, मला ते आवडतात. एवढं एक वाक्य लिहायला मला अख्खा हिवाळा लागला.

तुझ्या अब्बांवर माझा जीव होता आणि अजून आहे, हे तुला सांगायची गरज नसावी, तरी सांगते. ते गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, दुकानातल्या अब्बांच्या गादीवर कोणी बसायचं नाही. मीसुद्धा बसले नाही, शेजारी स्टूल टाकून बसते. हे कधी दुकानात आले तर उभेच राहतात. एकदा गर्दी नव्हती, मीच म्हटलं, बसा की, जागा मोकळी आहे. त्यांनी गादीकडे बघितलं आणि म्हणाले, "मोकळी हाय, पर रिकामी न्हाई. मी उभा बरा." त्या दिवशी ते गेल्यावर मी थोडी रडले. दुःखाने नाही, अब्बांना कोणीतरी ओळखलं म्हणून.

लोक बोलतील. लग्नाची मुलगी घरात असताना आईने हे काय आरंभलं, असं म्हणतील. पौडच्या बाजारात चार दिवस दुसरा विषय नसेल. त्याची मला धास्ती वाटायची, आता फारशी वाटत नाही. फिरोजमामांना मी मोठ्या हिमतीने सांगितलं तर म्हणाले, "मला ठाऊक हाय. तूच काय बोलंनास. मन्तशाला कदी सांगतीस त्ये ऐकायला तर स्पीकर लावून बसत हुतो." बघ, मी त्यांना आगाऊ समजत होते. घरात सगळेच वर तारेकडे बघत होते, मी एकटी खाली.

गोजराबाईलाही सांगितलं. तिने काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, ईदनंतर झालं तर तुझ्या हातात बांगड्या मी भरणार, तुझ्याकडून घेऊन तुलाच. स्नेहल म्हणते, त्या दिवशी ती ते दोन डझन घालणार.

पण या सगळ्या त्यांच्या गोष्टी. माझं तुझ्यावर अडलंय. तू नको म्हणालीस तर मी रुसणार नाही, आणि असं का म्हणालीस तेही विचारणार नाही. दर दुसऱ्या रविवारी गाडीत मागच्या बाकावर बसेन आणि चारचौघांत त्यांना नावाने हाक मारीन, परक्या माणसाला मारतात तशी, मोकळेपणाने. हो म्हणालीस, तर मात्र मला ते नाव घेता यायचं नाही. माझ्याच्याने व्हायचं नाही ते, मी जुन्या वळणाची बाई आहे. म्हणून आत्ताच, घेता येतंय तोवर, एकदा तुझ्यापाशी लिहून ठेवते.

गनी इब्राहिम तांबोळी.

गाडीच्या दारावर हेच लिहिलंय, निळ्या अक्षरांत. अक्षर बरं आलंय ना?

पुढे कधी कुठल्या कचेरीत साहेब विचारतील, "पतीचं नाव?" आणि मी पदर तोंडाला लावून उभी राहीन. तेव्हा कोणीतरी पुढे व्हायला लागेल. पूर्वी तू टेबलाला हनुवटी टेकवून घ्यायचीस. आता तुझी उंची टेबलाच्या वर गेली, हे मला ठाऊक आहे. तरी विचारते. घेशील का हे नाव, माझ्यासाठी?

ईदच्या आधी फोन कर. स्पीकर चालू असेल. सगळे शेजारी बसलेले असतील. बसू देत.

तुझ्या तोंडून एक नाव ऐकायला थांबलेली,
तुझी अम्मी
कमरबी